कुठलं कर्जत? कुठलं महाड?

गाव कुठलं? हा प्रश्न या देशात सरळ मनानं कुणी विचारत नाही. आधी नाव विचारतात, मग आडनाव. आडनावावरून पत्ता लागला नाही की गाव. गावावरूनही कळलं नाही की मग 'गावात कुठं राहता?' म्हणजे वेशीच्या आत की बाहेर. हे आपल्याला नवीन नाही. बापजाद्यांपासून आपण या प्रश्नाला उत्तर देत आलो. पण मला आज या प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला हात घालायचाय. आपण गावाचं नाव सांगतो आणि त्या नावाची गावं निघतात दोन, चार, दहा. मग आपला इतिहास त्यातल्या नेमक्या कुठल्या गावाच्या खात्यावर मांडला जातो? आणि मांडतो कोण?

कर्जतच घ्या. महाराष्ट्रात तालुक्याची कर्जत दोन आहेत. एक आमचं, रायगड जिल्ह्यातलं. उल्हास नदीच्या काठी, बोरघाटाच्या पायथ्याशी, मुंबई-पुणे लाइनीवरचं जंक्शन. पावसाळ्यात चार महिने छपराखाली भांडी मांडून बसावं लागतं असा पाऊस. दुसरं नगर जिल्ह्यातलं. त्या जिल्ह्याला २०२४ पासून अहिल्यानगर म्हणतात. सह्याद्रीच्या पलीकडं, ढग रिकामे होऊन पोचतात तिथलं. ज्वारीचं रान, छावण्या, टँकर. तिथं रेल्वे नाही, म्हणून रेल्वेच्या लेखी कर्जत एकच. पोस्टाला मात्र दोन्हीकडं पत्रं न्यावी लागतात. पोस्टानं १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड काढला तो सारख्या नावांचा गोंधळ मिटवायलाच. श्रीराम भिकाजी वेलणकर या पोस्टातल्या मराठी अधिकाऱ्यानं ती योजना आखली. तेव्हापासून आमचं कर्जत ४१०२०१ आणि नगरचं ४१४४०२.

हे काही दोन कर्जतांचंच नाही. हमीरपूर उत्तर प्रदेशात आहे, हिमाचलात आहे. बिलासपूर हिमाचलात आहे, छत्तीसगडात आहे. प्रतापगढ उत्तर प्रदेशात आणि राजस्थानात. आपल्याकडचं औरंगाबाद २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झालं, बिहारातलं औरंगाबाद जागच्या जागी आहे. आमच्या जिल्ह्याचं तर विचारूच नका. आधी तो होता कुलाबा. ते नाव अलिबागच्या समुद्रातल्या किल्ल्यावरून आलेलं, आणि मुंबईच्या टोकालाही कुलाबा होताच. १९८१ साली जिल्ह्याचं नाव रायगड झालं. कुलाब्याचा घोळ संपला, तर रायगडचा सुरू. छत्तीसगडातही रायगढ जिल्हा आहे, मुंबई-हावडा लाइनीवर. माझ्या पाळीत तिकडचा एक पोरगा आहे. दोघांच्याही आधारकार्डावर जिल्हा एकच वाचता येतो. तिकडं लोखंडाचे कारखाने, इकडं खोपोलीच्या पट्ट्यातही तेच. त्याला विचारलं, तुमच्या रायगढात आणि आमच्या रायगडात फरक काय? तो म्हणाला, भट्टी दोन्हीकडं सारखीच तापते.

*

आता सारख्या नावांची गावं ओळखायची कशी, यावर या मुलखानं पूर्वीपासून तोड काढलेली आहे. नावाला खूण जोडायची. मोठं ते बुद्रुक, लहान ते खुर्द. हे फारसीतून आलेले शब्द. आमच्या कर्जत तालुक्यात वरई तर्फे नीड आहे आणि वरई तर्फे वरेडी आहे. तर्फ म्हणजे महसुलासाठी पाडलेला गावांचा गट. कागदावर कुठल्या वरईचा सारा कुठल्या तर्फेत जमा झाला ते कळलं पाहिजे, म्हणून हा शब्द. म्हणजे लक्षात घ्या, खूण जोडली ती माणसाच्या ओळखीसाठी नाही. वसुलीसाठी.

आणि गावाची हद्द सांगायला कोण लागायचा? महार. दोन गावांत शिवेचा तंटा पडला की बोलावणं महारवाड्यात. हा दगड कुणाचा, तो ओढा कुठल्या गावाचा, ते त्यानं दाखवायचं, शिवेवरून चालत जायचं, आणि त्याची साक्ष धरली जायची. गावाला गाव म्हणून ज्यानं ओळखीत ठेवलं तो हा माणूस. त्याची वतनाची गुलामगिरी मोडायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल मांडलं, आणि कायद्यानं ती मोडायला १९५८ साल उजाडावं लागलं.

पण गंमत बघा. सगळ्या गावांच्या शिवा तोंडपाठ असणाऱ्या या माणसाच्या वस्तीला मात्र नाव एकच. कोकणात गेलात तरी महारवाडा, देशावर गेलात तरी महारवाडा. बुद्रुक नाही, खुर्द नाही, तर्फे नाही. या राज्यात सगळ्यात जास्त ठिकाणी असलेलं नाव कुठलं असेल तर ते हेच असावं. वेगळी खूण द्यायची गरजच कुणाला वाटली नाही. कारण तिथून सारा यायचा नव्हता, फक्त हाक मारायची होती.

*

हे मी पुस्तकी बोलत नाही. सारख्या नावाचा काटा आमच्या घरात रुतलेला आहे म्हणून बोलतोय.

माझा आजा नगरच्या कर्जतचा. १९७२ च्या दुष्काळात तो खडी फोडायला रोजगार हमीच्या कामावर होता. तिथलंही काम सरल्यावर बायकोपोरं घेऊन घाट उतरला आणि वीटभट्टीवर लागला. उतरला कुठं, तर कर्जतलाच. एका कर्जतातून दुसऱ्या कर्जतात. बापाला शाळेत घातलं तेव्हा मास्तरानं गाव विचारलं. आज्यानं सांगितलं, कर्जत. मास्तरानं लिहिलं, कर्जत. जिल्ह्याची जागा कोरी.

पुढं मला जातीचा दाखला काढायचा होता. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० ला तुमचं घराणं कुठं राहत होतं ते बघतात. एका कचेरीतल्या साहेबानं बापाचा शाळेचा दाखला बघितला आणि म्हणाला, कर्जतचे ना तुम्ही? मग पन्नासच्या आधीचा कर्जतचा पुरावा आणा. जुनी रजिस्टरं चाळली, तिथं आमचं नाव कसं असणार? पन्नास साली आजा घाटावर शेळ्या राखत होता. साहेब म्हणाला, नाव नाही म्हणजे तुम्ही इथले नाही. मी म्हणालो, तेच तर सांगतोय, आम्ही त्या कर्जतचे. तो म्हणाला, कागदावर 'त्या' लिहिलेलं नाही.

दीड वर्ष गेलं. शेवटी आज्याच्या थोरल्या भावाचं नाव नगरच्या कर्जतात शाळेच्या जुन्या रजिस्टरात सापडलं. नावापुढं जात लिहिलेली. जी जात लिहिल्यामुळं त्याला वर्गाबाहेर बसवलं, तीच जात दाखवून मी दाखला मिळवला. मित्रांनो, जिल्ह्याची एक कोरी जागा काय करू शकते ते यावरून बघा. गावाचं नाव म्हणजे पुरावा नव्हे. खुणेसकट नाव म्हणजे पुरावा.

*

आता महाडकडं वळू. आमच्या खालापूर तालुक्यात महड आहे. अष्टविनायकातला वरदविनायक तिथला. तिथून दक्षिणेला, याच जिल्ह्यात, महाड आहे. मराठीत एका कान्याचा फरक. इंग्रजी पाटीवर तोही उरत नाही, दोन्ही नावं त्याच अक्षरांनी लिहितात. मुंबईत कुणाला सांगा की मी महाडला चाललोय, तर निम्मे लोक हात जोडून म्हणतात, आमचाही नमस्कार सांगा गणपतीला.

दोन्ही गावांत तळं आहे. तेही नीट ऐका.

महडच्या तळ्याबद्दल सांगतात की १६९० साली त्यात गणपतीची मूर्ती सापडली. १७२५ साली पेशवाईतल्या रामजी महादेव बिवलकरांनी देऊळ बांधलं. पाण्यातून देव निघाला, त्या पाण्याकाठी देऊळ उभं राहिलं, आणि गाव नकाशावर ठळक झालं.

महाडच्या चवदार तळ्याचं पाणी गुरंढोरं पीत होती, परधर्माचे लोक पीत होते. आपण पीत नव्हतो. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोल्यांचा ठराव पास झाला, की सरकारी पैशाच्या विहिरी, तळी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ साली महाड नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर. पाण्यात हात घालायला १९२७ साल यावं लागलं. १९ आणि २० मार्चला परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस यांनी ती उभी केली. २० मार्चला बाबासाहेब मोर्चानं तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले. मागं हजारो लोक प्याले. मग वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठवून आपल्या माणसांना जेवताना, परतताना गाठून मारलं. आणि तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळं शुद्ध करून घेतलं. २५ डिसेंबरला दुसरी परिषद. सभेला जागा कुणी देईना, ती फत्तेखान यांनी दिली. त्या दिवशी सहस्रबुद्धे यांच्या ठरावानं मनुस्मृती जळाली. तळ्याचा खटला १७ मार्च १९३७ ला हायकोर्टात आपल्या बाजूनं निकालात निघाला. पाणी प्यायच्या एका ओंजळीला दहा वर्षं.

एका तळ्यातून देव निघाला. दुसऱ्या तळ्यातून माणूस निघाला. मी देवाला नावं ठेवायला हे लिहीत नाही. मी एवढंच विचारतो, की 'महाड' म्हटल्यावर पहिलं कुठलं तळं आठवावं हे कोण ठरवतं?

आणखी एक गोष्ट आमच्या भागातल्या पोरांना माहीत नसते. त्यांना वाटतं महाड म्हणजे लांबचं, तिकडचं. मार्चची ती परिषद होती 'कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद'. कुलाबा जिल्हा १८६९ साली झाला तेव्हा कर्जत त्यात नव्हतं, ते ठाण्यात होतं. १८९१ साली कर्जत कुलाब्यात आलं. खालापूर तेव्हा कर्जतचाच पेटा. म्हणजे १९२७ साली महाडला जी परिषद भरली ती आमच्या जिल्ह्याची परिषद. महाडचा लढा हा कर्जत-खालापूरच्या आपल्या माणसांना आपल्या जिल्ह्याचा लढा म्हणून सांगता येतो. सरकारनं जिल्ह्याचं नाव बदललं आणि तो धागा दिसेनासा झाला. तो पुन्हा दाखवणं हे आपलं काम.

*

बाबासाहेबांच्या स्वतःच्या आयुष्यातही सारख्या नावाची गाठ आहे. १९०१ सालची गोष्ट. वडील रामजी सुभेदार नोकरीच्या गावी होते. साताऱ्याहून ही पोरं रेल्वेनं मसूरला उतरली. घ्यायला कुणी आलं नव्हतं. जात कळल्यावर गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडं कबूल केलं तेव्हा एक तयार झाला, तोही खाली चालत, आणि गाडी पोरांनीच हाकायची. रात्रभर पाण्याचा थेंब नाही. हा प्रसंग आपण सभांमधून ऐकतो. पण ती पोरं चालली होती कुठं? बाबासाहेबांनी स्वतः लिहिलं कोरेगाव. धनंजय कीरांच्या चरित्रात आहे गोरेगाव. सातारा जिल्ह्यात कोरेगाव हे तर तालुक्याचं गाव आहे. ते वेगळं. गोरेगाव म्हणाल तर आमच्या रायगडात माणगाव तालुक्यात आहे, मुंबईत आहे. ऐकणारा हवं ते धरून चालतो. पण बाबासाहेबांनी नुसतं कोरेगाव लिहिलं नाही, तालुका खटाव असंही लिहिलं. त्या दोन शब्दांनी वाट सापडते. बॅरिस्टर माणूस, गावाच्या नावाची किंमत त्याला ठाऊक होती.

आणि आपलं दुसरं कोरेगाव, भीमेकाठचं. १ जानेवारी १८१८ ची लढाई. तिथल्या स्तंभावर 'नाक' शेवटी असलेली आपल्या माणसांची नावं कोरलेली आहेत. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं गेले. म्हणजे महाडच्या आधी अडीच महिने. स्तंभ उभा आहे तो खरं तर नदीच्या अलीकडं, पेरणे गावाच्या हद्दीत. कोरेगावाला 'भीमा' ही खूण नदीनं दिली. पण आपल्या माणसांनी ते उलटवून 'भीमा कोरेगाव' म्हणायला सुरुवात केली, आणि नदीच्या नावात आपल्याला दुसरंच नाव ऐकू यायला लागलं. २०१८ सालच्या १ जानेवारीला तिथं आपल्या लोकांवर हल्ले झाले, तेव्हा साऱ्या देशाला कळलं की कोरेगाव कुठलं.

या भीमेचा उगम कुठं? भीमाशंकराच्या डोंगरावर. आणि त्या डोंगराच्या बरोबर पायथ्याला, कोकणाच्या अंगाला, खांडस. तालुका कर्जत, जिल्हा रायगड. आमच्याकडचे लोक खांडसवरून शिडीच्या वाटेनं भीमाशंकर चढतात. तिथून नदी पूर्वेला वाहते, कोरेगावावरून जाते, दौंडावरून जाते, आणि पुढं सिद्धटेकला येते. सिद्धटेक कुठं? तालुका कर्जत, जिल्हा अहिल्यानगर. म्हणजे एका कर्जतच्या माथ्यावर जन्मलेली नदी कोरेगावच्या स्तंभाला वळसा घालून दुसऱ्या कर्जतच्या शिवेला लागते. आजा ज्या वाटेनं उपाशी खाली आला, त्याच्या उलट वाटेनं पाणी जातं. हे शाळेच्या भूगोलात कुणी असं शिकवत नाही. तिथं नदी वेगळ्या पानावर, गावं वेगळ्या पानावर आणि आपण कुठल्याच पानावर नाही.

त्याहून जुनी खूण बघायची तर राजमाचीच्या पायथ्याला चला. कर्जत तालुक्यातल्या कोंढाणे गावाजवळ बौद्ध लेणी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीची. 'कोंढाणा' म्हटलं की महाराष्ट्राला सिंहगड आठवतो, तानाजी आठवतो. आठवू दे. पण या कोंढाण्यात एका भंगलेल्या मूर्तीशेजारी ब्राह्मी अक्षरात लिहिलंय की हे काम कण्हाचा शिष्य बलक यानं केलं. त्या कारागिरानं आपलं गाव लिहिलं नाही, कुळ लिहिलं नाही. गुरूचं नाव लिहिलं आणि आपलं. आपल्या तालुक्यात ज्याच्या हातची सही दगडावर शिल्लक आहे असा हा बुद्धाच्या वाटेचा माणूस, आणि आपल्याच वस्त्यांतल्या किती पोरांनी तो दगड बघितलाय?

*

आता आपल्या घरातलं बोलू. धर्मांतरानंतर आपण महारवाडा हे नाव टाकलं. बौद्धवाडी झाली, भीमनगर झालं, सिद्धार्थनगर झालं, रमाबाई नगर झालं. नावासाठी आपण रक्त सांडलेलं आहे. मराठवाडा विद्यापीठाचा ठराव २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात झाला आणि नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही अर्धं. मधल्या सोळा वर्षांत किती घरं जळाली. म्हणून नावाचा लढा क्षुल्लक असं मी कधी म्हणणार नाही.

डिसेंबर २०२० मधे राज्य सरकारनंही निर्णय घेतला की वस्त्यांची जातिवाचक नावं काढून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायची. चांगलंच झालं. जातीच्या नावाची पाटी गेलीच पाहिजे. पण त्यातला धोका ओळखा. आधी सगळीकडं महारवाडा होता, आता सगळीकडं भीमनगर. अपमान गेला, सारखेपणा राहिला. प्रत्येक भीमनगराची गोष्ट मात्र वेगळी आहे. एका भीमनगराची विहीर १९५६ नंतर बाटली म्हणून गावानं बुजवली. दुसऱ्या भीमनगराला गावानं नाही, धरणानं उठवलं. तिसरं भीमनगर गावकुसाबाहेर होतं, आता त्याच्या शेजारून एक्सप्रेस हायवे गेला आणि त्याच जमिनीवर बिल्डरची नजर आहे. उद्या कुणी लिहायला बसलं तर त्याला सगळी एकच वाटतील. एकच वाटली की एकही लिहिलं जाणार नाही.

रमाबाई नगरं किती आहेत? मोजू नका. पण ११ जुलै १९९७ ला पोलिसांनी जिथं गोळ्या घालून आपली दहा माणसं मारली, ते रमाबाई नगर घाटकोपरचं. तिथं 'घाटकोपर' हा शब्द गाळता येत नाही. गाळला तर ती दहा माणसं साऱ्या रमाबाई नगरांत विरघळून जातात आणि कुणाचीच राहत नाहीत.

म्हणून कर्जत-खालापूरच्या आणि सगळीकडच्या पोरांना माझं एवढंच सांगणं आहे. जयंतीला डीजे लावा, काही म्हणणं नाही. पण एका वहीत आपल्या वस्तीचं नाव लिहा, खाली गाव, तालुका, जिल्हा लिहा, जिल्ह्याचं जुनं नाव लिहा. वस्तीला हे नाव कुठल्या साली पडलं, आधीचं काय होतं, पाणी कुठून भरत होते, ५६ साली नागपूरला कोण गेलं होतं, दीक्षा वस्तीत कधी झाली, पहिली शाळा कोण शिकलं, ते म्हाताऱ्यांना विचारून लिहा. म्हातारे झपाट्यानं चाललेत. सांगणाऱ्याचं नाव लिहा, तारीख टाका. शुद्धलेखन चुकलं तरी चालेल, तालुका चुकता कामा नये.

शिवेवरचा दगड कुणाचा ते आपला पणजोबा सांगायचा, आणि ते ऐकून पाटील वही भरायचा. आता सांगणारेही आपण आणि वहीही आपली. भरायला बसा.